सरांच्या शेवंतीचा रंग

“वहिनी, संध्याकाळी यायचं होतं तुम्ही. आत्ता नुसता पसारा आहे,” मुनीरभाई म्हणाले आणि हातातला ओला फडका त्यांनी उगाचच पाठीमागे नेला.

“घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू?” मी म्हटलं. “आमची शेवंती कुठं मांडलीय तेवढं दाखवा.”

“आधी चहा घ्या.”

“चहा पिऊनच आलेय.”

“मग जरा टेका खुर्चीवर. मंडपवाल्यानं अजून टेबलं नीट लावली नाहीत.”

मुनीरभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ते ह्यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, जिवाभावाचे मित्र. एरवी मी आले की दहा गोष्टी सांगत सुटायचा हा माणूस, त्या दिवशी वाट अडवून उभा होता. मला वाटलं, मला रडू येईल म्हणून घाबरतायत. मी त्यांना बाजूला सारलं आणि सभागृहात शिरले.

वीसेक वर्षं झाली ह्याला. राष्ट्रीय पुष्पस्नेही संघ नावाची संस्था आहे. गावोगावी तिच्या शाखा आणि दर हिवाळ्यात एका गावात तिचं मोठं प्रदर्शन. त्या साली मान साताऱ्याला मिळाला होता. सभागृहभर ओल्या वर्तमानपत्रांचा आणि शेवंतीचा वास कोंदला होता. मधोमध एका टेबलावर पांढरी चादर, मागे ह्यांचा हार घातलेला फोटो आणि खाली पाटी: ‘हिंदुराव. कै. हिंदुराव भोईटे सरांनी तयार केलेली शेवंती.’

टेबलावर दोनच कुंड्या होत्या. तिसरीची जागा रिकामी होती.

मी पदर सावरून पुढं झाले. अकरा महिने मी ह्याच एका गोष्टीवर काढले होते. माणूस गेला ते गेला, पण हिवाळ्यात ते फूल उमलेल आणि मी ते बघेन, एवढं ठरवून मी लेकाच्या घरी पिंपरीत दिवस ढकलले होते. पहिल्या कुंडीपाशी वाकून मी पाहिलं. मग दुसरीपाशी वाकून पाहिलं. आणि परत पहिलीकडं वळले. काहीतरी चुकलं होतं.

हे असं का झालं ते कळायला हवं तर आधी ह्यांचं सांगायला पाहिजे.

ह्यांना रंग दिसत नसत. आंधळे नव्हते हो. निळा-पिवळा ठीक, पण लाल, हिरवा, तपकिरी हे सगळं त्यांना एकाच मातीतलं. तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी गेले, डोळे तपासले, तेव्हा हे उजेडात आलं. सिग्नल न दिसणारा माणूस रेल्वेला काय कामाचा? मग हायस्कुलात गणित शिकवलं जन्मभर. मंडईत टोमॅटो पिकलाय की नाही ते दाबून बघायचे आणि भाजीवाली त्यांच्यावर करवादायची. असल्या माणसाला फुलांचा नाद लागावा, तोही नवे रंग काढायचा, ह्यावर मी त्यांची किती थट्टा केली असेल. ते म्हणायचे, “आकार मी बघतो, रंग तू बघ. मिळून एक पूर्ण माणूस होतोय ना? झालं तर.”

गच्चीवर त्यांची कुंड्यांची पलटण असे. एका शेवंतीचा पराग बारीक ब्रशनं दुसरीला लावायचा, बी धरायचं, पेरायचं, वर्षभर वाट बघायची. आणि फूल आलं की जिन्यातून हाक. “अगं, ये. कसला रंग आहे सांग.”

मी कणकेचे हात घेऊन वर जायचे. “मळका गुलाबी,” असं म्हटलं की ते रोप बाद. “गंजलेल्या पत्र्याचा,” म्हटलं की तेही बाद. मी खोटं बोलू शकले असते. कधी कधी त्यांचा चेहरा बघून वाटायचंही, म्हणावं छान आहे. पण नाही बोलले. त्यांच्या डोळ्यांच्या जागी मी होते, तिथं खोटं कसं चालेल?

मग एका डिसेंबरात ती उमलली. मी गच्चीवर गेले आणि कुंडीपाशी वाकले.

“सांग की,” हे म्हणाले.

“थांबा जरा.”

“वाईट आहे का?”

“वाईट नाही हो. तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासतो ना आपण, पहिला हात फिरला की काळं जाऊन आतून एकदम जो रंग उघडतो, तो. घटकाभर असतो, मग नुसता तांब्याचा होतो.”

“म्हणजे तांबडा?”

“तांबडा नव्हे.”

“गुलाबीकडे झुकणारा?”

“नाही हो. गुलाबी कुठला?”

“मग तू म्हणालीस तो, घंगाळाचा?”

“त्याच्या जवळचा. पण तोही नाही. ह्यात आणखी काहीतरी आहे.”

ते हसायला लागले. मला म्हणाले, “बरोबर शब्द सापडला की सांग. मग नाव ठेवू. नाव नाही तोवर ही गच्चीवरून खाली जायची नाही.”

आणि खरंच त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. मुनीरभाईंना एक फोटो दिला होता स्टुडिओतून धुऊन आणलेला, पण त्यात ती साफ विटकरी आली होती. पुढच्या हिवाळ्यातही ती तशीच उमलली. रोज सकाळी हे विचारायचे, “सापडला का?” मी म्हणायचे, “बघते.” मला वाटायचं, कुठं घाई आहे? कांदा चिरताना, धुणं वाळत घालताना मी शब्द शोधायचे. जानेवारीत फुलं सुकायला लागली आणि एका सकाळी हे मंडईतून पिशवी घेऊन येताना रस्त्यात कोसळले. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवीत टोमॅटो होते, सगळे हिरवे.

संघात एक रीत आहे. सभासद गेला की तेरावं झाल्यावर बाकीचे त्याच्या घरी जमतात आणि त्याच्या कुंड्या आपसात वाटून नेतात. त्याला ते वाटप म्हणतात. माणसामागं झाडं बेवारशी होऊ नयेत म्हणून. मी ह्यांच्याबरोबर अशा वाटपांना गेले होते, तिथल्या बायकांना डोळे पुसताना पाहिलं होतं. माझ्या घरी ती वेळ आली तेव्हा मी ती एक कुंडी पाण्याच्या टाकीमागं सरकवून ठेवली.

आमच्या शाखेचे अध्यक्ष म्हणजे डॉक्टर जगदाळे. गुरांचे डॉक्टर, निवृत्त झालेले. आवाज असा की शेजारच्या गल्लीतली म्हैसही कान टवकारेल. त्यांनी टाकीमागची कुंडी बरोब्बर हेरली.

“वहिनी, हीच का ती?”

“ही राहू द्या डॉक्टर. बाकी सगळं न्या.”

“तुम्ही तर पिंपरीला चाललात. पाणी कोण घालणार हिला?”

“बरोबर नेते.”

“चौथ्या मजल्यावर? गच्ची नाही, ऊन नाही?” ते माझ्यासमोर पायरीवर बसले आणि आवाज शक्य तेवढा उतरवून बोलले, “माझं ऐका. एका घरात ठेवलेली जात एका उन्हाळ्यात संपते. तीन घरांत दिली की मरत नाही. एकाकडची गेली तरी दोघांकडं असते. सरांची एवढी एकच खूण आहे. ती एका कुंडीवर टांगून ठेवणार काय?”

हे ऐकून जोगळेकर बाई माझ्याजवळ आल्या. ह्यांच्याच शाळेत त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, बारीक चणीच्या, खोटं न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “प्रमिलाताई, डॉक्टर बरोबर बोलतायत. मी जिवापाड सांभाळीन.”

मुनीरभाई तोवर पुढं झाले. ते नुसते कुंडीपाशी बसले आणि माती मोकळी करायला लागले. शेवंतीच्या बुडाशी मुळासकट कोंब फुटतात, त्यांना काश्या म्हणतात. त्या तीन घरांत वाटल्या गेल्या. उरलेल्या थोटक्याला काही अर्थ नाही म्हणून डॉक्टरांनी ते टाकून दिलं. मी रिकामी कुंडी धुऊन उपडी घातली. ‘हिंदुराव’ हे नाव त्याच दिवशी डॉक्टरांनी ठेवलं. मला आवडलं नाही. हे असते तर म्हणाले असते, अगं, फुलाचं नाव आहे की पैलवानाचं? पण माझ्याकडे दुसरं कुठं होतं?

पिंपरीत संघाचं ‘मोसमवार्ता’ हे पत्रक यायचं. ऋतू बदलला की एक अंक. कुठल्या शाखेत काय फुललं, कोणी गच्चीवर भाजी लावली, कोणत्या सभासदाच्या निशिगंधाला बक्षीस मिळालं, असल्या बातम्या. जन्मात कधी न वाचलेलं ते पत्रक मी अक्षर अन् अक्षर वाचायला लागले. उन्हाळ्यात आलं, ‘भोईटे सरांची शेवंती तिन्ही घरी उत्तम रुजली.’ पावसाळ्यात आलं, ‘हिंदुरावचे शेंडे खुडले, फुटवा जोमदार.’ दिवाळीनंतर आलं, ‘कळ्या धरल्या.’ मी सुनेला वाचून दाखवायचे. ती बिचारी मान डोलवायची आणि मला दोन घास जास्त जायचे. लेकाला म्हटलं, डिसेंबरात मी साताऱ्याला जाणार, आपल्या जुन्या घरी उतरेन, मला अडवू नकोस.

आणि आता मी त्या टेबलापुढं उभी होते.

पहिली कुंडी मुनीरभाईंची, विटकरी रंगाची. दुसरी जोगळेकर बाईंची, फिकट सोनेरी, त्यावर लालसर झाक. फुलं मोठी, देखणी, कुणीही खूश व्हावं अशी. पण ती नव्हती. आधी वाटलं, ट्यूबलाइटचा दोष असेल. मग वाटलं, डोळे भरून आलेत म्हणून असं दिसतंय. मी पदरानं डोळे कोरडे केले आणि म्हटलं, “मुनीरभाई, ही कुंडी जरा खिडकीत घ्या. उन्हात बघते.”

ते जागचे हलले नाहीत.

“घ्या की.”

“वहिनी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “उन्हातही अशीच दिसंल. ही आपली नाही.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“माझी मे महिन्यातच गेली. पोरीच्या लग्नाची धावपळ होती, दोन दिवस पाणी चुकलं आणि करपली. मी रडलो, खरं सांगतो. मग मनाला समजावलं, बाईंकडं आहे, डॉक्टरांकडं आहे, हिवाळा संपला की त्यांच्याकडनं एक काशी मागून घेऊ. आणि आज माझी जागा रिकामी दिसली तर तुम्हाला वाईट वाटंल, म्हणून वाईच्या बाजारातनं फोटोशी ताडून ही आणली. बाईंची अस्सल आहे. तुम्ही बाईंची बघा.”

“पत्रकात तर आलं होतं, तिन्ही घरी छान आहे म्हणून.”

“डॉक्टर फोन करायचे. काय सांगणार होतो? छान आहे म्हटलं.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. बाईंची बघा, असं ते म्हणत होते आणि बाईंची मी आधीच बघितली होती. ती नव्हे हे मला माहीत होतं, त्यांना माहीत नव्हतं. उमललेली शेवंती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. वाटपाच्या दिवशी त्यांनी पाहिली ती सुकून तपकिरी झालेली.

जोगळेकर बाई मला स्वयंपाकघराच्या दाराशी भेटल्या, पाहुण्यांसाठी कप विसळत होत्या. मी नुसतं म्हटलं, “बाई, तुमची कुंडी पाहिली.” तेवढ्यावर त्यांनी हातातला कप ठेवून दिला आणि नळ बंद केला.

“कुणाला बोलू नका, प्रमिलाताई. श्रावणात सततधार लागली आणि बुडातून कुजली. मी वनस्पतिशास्त्र शिकवलंय जन्मभर, पाण्याचा निचरा म्हणजे काय ते पोरांकडून पाठ करून घेतलंय, आणि माझ्याच घरी...” त्या थांबल्या. “पण डॉक्टरांची आहे ना. ते स्वतः गाडीतून घेऊन येतायत. मी म्हटलं, एकाकडं असली तरी पुरे, जात जगली. टेबल भरलेलं दिसावं म्हणून मी ऐकलं होतं त्यावरून पुण्याहून जवळच्या रंगाची मागवली.”

“मुनीरभाईंची?” मी विचारलं.

“त्यांचीही असेलच की. ते कुठले मरू देतायत?”

मग मी दारात जाऊन उभी राहिले. डॉक्टरांच्या गाडीची वाट बघत. बाहेर रिक्षा येत होत्या, माणसं कुंड्या छातीशी धरून उतरत होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी ह्यांना मनातल्या मनात म्हणत होते, एक राहू दे हो, एकच पुरे आहे. जन्मात कधी असं गयावया करून काही मागितलं नव्हतं मी.

डॉक्टर आले. वर्तमानपत्राच्या सुरळीत गुंडाळलेली कुंडी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. टेबलापर्यंत मी त्यांच्या मागं मागं गेले. त्यांनी कागद फाडला. आत गडद, मरून फुलं होती. दारावरच्या पडद्याला असतो तसला रंग.

डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहिलं, मला कोपऱ्यात नेलं, आणि त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा एवढा बारीक ऐकला.

“वहिनी, तुम्हाला फसवायचं नाही. माझी शेळी दावं तोडून सुटली आणि सगळं भुईसपाट करून गेली. गुरांचा डॉक्टर मी, माझ्याच शेळीनं मला धुळीला मिळवलं. पण मी निर्धास्त होतो. मुनीर म्हणजे सरांचा जिवलग, त्याची जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईंचीही आहेच. हायवेच्या नर्सरीतून ही आणली, टेबलाची शोभा म्हणून. तुम्ही मुनीरची बघा. तीच अस्सल.”

मी मान हलवली. तिघांनी तीन वेळा मला तेच सांगितलं होतं, आणि तिघंही मनातून निवांत होते, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडं आहे. हातचं गेलं तेव्हा एकानंही दुसऱ्याचं दार वाजवून विचारलं नव्हतं, तुझी आहे ना रे? विचारलं असतं तर स्वतःची गेल्याचं सांगावं लागलं असतं. सरांची एवढी एकच खूण, ती तीन चांगल्या माणसांच्या भरवशावर मेली होती. आणि साऱ्या सभागृहात हे फक्त मला माहीत होतं.

कुणीतरी माझ्या हातात गुलाबपाणी शिंपडलेला गजरा दिला, तो मी केसांत न माळता हातातच धरून ठेवला.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. दूरदूरच्या शाखांमधून माणसं आली होती. डॉक्टरांचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. त्यांनी सरांबद्दल बोलून लोकांना हसवलं, रडवलं, रंग न दिसणाऱ्या माणसानं रंग घडवला असं म्हणाले तेव्हा टाळ्या थांबेनात. मग ते म्हणाले, “ह्या फुलाचा खरा रंग जगात एकाच व्यक्तीनं पाहिलाय. प्रत्येकाच्या मातीप्रमाणं रंग थोडा हलतो, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा ह्या तीन कुंड्यांतली मूळ रंगाशी सगळ्यांत जास्त जुळणारी कुठली, ते वहिनींनी सांगावं आणि तिला ही फीत बांधावी. पुढच्या महिन्यात त्याच कुंडीच्या काश्या आपण देशभरातल्या प्रत्येक शाखेला देणार आहोत.”

पुन्हा टाळ्या. माझ्या हातात पिवळी फीत आली.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी टेबलाशी गेले. मुनीरभाई पहिल्या रांगेत होते, त्यांनी हळूच मान हलवली, माझी नको, बाईंची. जोगळेकर बाईंनी डोळ्यांनी डॉक्टरांची कुंडी दाखवली. डॉक्टर माइकशेजारून मुनीरभाईंच्या कुंडीकडं बघत होते. तिघांच्याही चेहऱ्यावर केवढी खात्री होती. प्रत्येकाला वाटत होतं, आता वहिनी बरोबर हात ठेवतील आणि आपली चूक भरून निघेल.

मागं ह्यांचा फोटो. मला स्पष्ट ऐकू आलं, अगं, ये. कसला रंग आहे सांग.

ह्यांच्याशी ह्या बाबतीत मी कधी खोटं बोलले नव्हते. इतक्या वर्षांत, इतक्या फुलांत, एकदाही नाही. यातली एकही नाही, एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण ते म्हणायचं म्हणजे पुढचं वाक्यही म्हणावं लागलं असतं, की ती आता कुठंच नाही. ते वाक्य मला म्हणता येईना. तोंड उघडलं असतं तर मी ओरडले असते आणि मग थांबले नसते.

मी मुनीरभाईंच्या कुंडीला फीत बांधली. गाठ बसेना, तेव्हा डॉक्टरांनी पुढं होऊन बोटानं दाबून धरली.

लोक पांगल्यावर मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मुनीरभाई आले. माझ्यापासून दोन पायऱ्या खाली उभे राहिले.

“वहिनी, माझ्या कुंडीला का बांधली? मी सांगितलं होतं ना तुम्हाला.”

मी गजऱ्यातलं एक फूल खुडलं.

“बाईंची नव्हती ती?”

मी हातातल्या गजऱ्याचा दोरा ओढत राहिले.

“मग डॉक्टरांची तरी...” ते म्हणाले आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबले. मग हळूहळू खाली बसले, कठड्याला धरून, म्हाताऱ्या माणसासारखे. लगेच परत उठले. “मी आत जाऊन सांगतो सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता.”

“काय सांगणार?” मी म्हटलं. “सर गेले म्हणून? एकदा सांगून झालंय ते मुनीरभाई. बसा खाली.”

ते बसले. आतून डॉक्टरांचं हसणं ऐकू येत होतं, ते कुणाला तरी शेळीची नव्हे, सरांची गोष्ट सांगत होते.

त्यानंतर मी पिंपरीला परतले आणि तिथलीच झाले. वाईच्या बाजारातली ती विटकरी शेवंती मात्र भलतीच काटक निघाली. सगळ्या शाखांत गेली, सगळीकडं रुजली. मोसमवार्ता अजून येतं. दर हिवाळ्यात त्यात असतं, ‘हिंदुरावला यंदा अमुक शाखेत भरघोस बहर.’ आता ती नर्सऱ्यांतही मिळते. मुनीरभाई गेले, त्यांच्या गच्चीचं वाटप झालं, मी गेले नाही. जोगळेकर बाईंनी आणि डॉक्टरांनी शेवटपर्यंत हिंदुराव जपली, रोज पाणी घालून, पोटच्या पोराप्रमाणं. मी त्यांना कधी काही कळू दिलं नाही.

डिसेंबर आला की कुणी ना कुणी ती कुंडी घेऊन माझ्या दाराशी येतं. “आजी, सरांची शेवंती.” मी घेते. छान आहे म्हणते. बाल्कनीत ऊन नाही, दोन महिन्यांत ती मरते.

ह्याचं दुःख आता सोसतं मला. सोसत नाही ते वेगळंच. पूर्वी मी डोळे मिटले की गच्चीवरची ती शेवंती समोर यायची. मग मधे मधे ही विटकरी यायला लागली. नंतर नंतर तीच येत गेली. आता हे हाक मारतात, कसला रंग आहे सांग, आणि मी डोळे मिटून बघते तर समोर वाईच्या बाजारातली कुंडी, फीत बांधलेली. शब्द सापडला असता तर त्या शब्दाला धरून तरी मागं जाता आलं असतं.

परवा नातवाच्या मुंजीसाठी माळ्यावरचं घंगाळ काढलं. सून म्हणाली, कामाला बाई ठेवलीय ना, ती घासेल. मी म्हटलं, नको, मीच घासते. मोरीत पाट टाकून बसले, चिंच कोळली, आणि पहिला हात फिरवला. काळं गेलं, आतून रंग उघडला. मी वाकून पाहिलं. हा नव्हे, एवढं अजून कळलं. ह्याच्या जवळचा होता, पण हा नव्हे.

मग कुठला होता ते आठवेना. मी बसल्या जागी सगळं घंगाळ घासून काढलं, आतून-बाहेरून, आणि शेवटी नुसतं तांबं राहिलं.